सकाळी आठची हजेरी

क्वार्ट्झसाइट, ॲरिझोना
५ एप्रिल

प्रिय स्वानंदी,

पाकीट तू लगेच फोडलं असशील. आईने फोन सोडून कागद घेतला म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखतेस. माझी तब्येत ठीक आहे, बीपीची गोळी वेळेवर घेते, पाण्याची टाकी परवाच भरून आणली. तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे. फोनवर तू माझं वाक्य मध्येच तोडतेस, मी तुझं तोडते. आपल्या घरात कुणी कुणाला वाक्य पुरं करू दिलंय असं मला आठवत नाही. कागदावर तरी तुला शेवटपर्यंत थांबावं लागेल.

चौदाला तू येणार, पंधराला इथला सीझन संपणार आणि सोळाला मी तुझ्याबरोबर ईडन प्रेरीला तुझ्या घरी यायचं, असं तू ठरवलं आहेस. खालची खोली रंगवलीस, अंतराने दारावर 'आजी' असं लिहून चिकटवलं, सगळं कळलं. आमच्या 'विंचू' गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलंस. मी दर वेळी 'बघू' म्हणते आणि तू चिडतेस. आई हट्टी आहे, बाबा गेले तिथेच रुतून बसली आहे, असं तुला वाटतं. हट्टी मी आहेच, ते काही आजचं नाही. पण माझा पाय इथून निघत नाही त्याचं कारण वेगळं आहे.

टेक्सासमधलं प्लेनोचं घर विकून आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर घ्यायचं, हे खूळ तुझ्या बाबांचं. पस्तीस वर्षं त्यांनी एका खिडकी नसलेल्या खोलीत फोन कंपनीची यंत्रं सांभाळली, मग म्हणाले आता चारी बाजूंना खिडक्या हव्यात. मी म्हटलं, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. त्यांना ते इतकं आवडलं की गाडीचं नावच 'विंचू' ठेवलं आणि मागच्या दारावर मोठा विंचू रंगवून घेतला. पहिल्या वर्षी मी रोज रडकुंडीला यायचे. तीस फुटांच्या डब्यात फोडणी दिली की धुराचा अलार्म ओरडायचा, आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करायला जाताना हे मात्र गाणं गुणगुणत जायचे. मग आम्ही हिवाळ्यात या वाळवंटात यायला लागलो आणि माणसं भेटली. डार्लीन, जी आयोवात शाळेत स्वयंपाक करायची. वेस, ज्याने चाळीस वर्षं मालगाडी चालवली. आणखी दहा-बारा जण, सगळे पांढऱ्या केसांचे. संध्याकाळी खुर्च्यांचं कडं करून बसायचं, ज्याच्याकडे जे असेल ते मध्ये ठेवायचं. माझी शेंगदाण्याची चटणी ते टोस्टला लावून खातात.

या लोकांची हजेरीची पद्धत तुला मी नीट सांगितलेली नाही. इथे फोनच्या रेंजचा भरवसा नसतो आणि बरेच जण एकटे राहतात. म्हणून सकाळी आठला वेस वॉकीटॉकीवर एकेकाचं नाव पुकारतो. ज्याचं नाव, त्यानेच बोलायचं. एका माणसाला एक आवाज, हा नियम. घसा बसला असेल तर बटण दोनदा दाबायचं, म्हणजे बाकीच्यांच्या वॉकीटॉकीत खट्, खट् असं वाजतं. पण नुसत्या खटखटीवर वेसचं समाधान होत नाही. तो त्या गाडीतल्या दुसऱ्या माणसाला विचारतो, तुला तो समोर दिसतोय का? दिसत नसेल तर वेस उठतो, काठी घेतो आणि बघायला जातो. मागच्या सीझनला एक जण आंघोळीच्या जागेत पडला होता, तो असाच वाचला.

तुझ्या बाबांचा पहिला चहा आठला चालू असायचा आणि चहा अर्धा टाकून बोलायला त्यांना जिवावर यायचं. मग वेसने माझं नाव घेतलं की मीच सांगून टाकायचे, आम्ही दोघं आहोत, दोघं मजेत. हे मी जन्मभर केलं आहे. नागपूरला फोन लावला की 'हे पण मजेत आहेत' मीच सांगणार. डॉक्टरने त्यांना विचारलं कुठे दुखतंय, की गुडघा मी दाखवणार. मंडळाच्या गणपतीला दोघांची सही माझीच. वेसने सुरुवातीला कुरकुर केली, मग सगळ्यांनी त्याचा विनोद केला की 'विंचू'त दोन माणसं आणि एक तोंड. मला त्याचा अभिमानच वाटायचा, खोटं कशाला बोलू. डिसेंबरात त्यांना खोकला झाला तेव्हा ते गंमत म्हणून माझ्या मागोमाग दोनदा बटण दाबायला लागले. माझं 'दोघं मजेत' आणि लगेच त्यांचं खट्, खट्. पुढे खोकला गेला तरी ती सवय राहिली.

आता ऐक. इथे कुणी गेलं तर त्याचं नाव लगेच काढत नाहीत. सीझन संपेपर्यंत वेस ते पुकारतो, तीन श्वास थांबतो आणि पुढे जातो. शेवटच्या दिवशी घरच्या माणसाने स्वतःच्या आवाजात सांगायचं, हा आता इथे नाही. मग नाव वेसच्या वहीतून जातं. तू अस्थी घेऊन मिनेसोटाला गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा परत हजेरीला बसले. वेसने माझं नाव घेतलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, आम्ही दोघं आहोत, दोघं मजेत. जित्याची खोड. मी बटण सोडलं, जीभ चावली, आणि वॉकीटॉकीत वाजलं, खट्, खट्.

तू म्हणशील आईला भास झाला. मलाही तेच वाटलं असतं, पण दहा मिनिटांत डार्लीन बनाना ब्रेड घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली की तिनेही ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी दोघांचं काही बोलले नाही, फक्त माझ्यापुरतं बोलले. वेसने त्यांचं नाव घेतलं, एक श्वास, दोन श्वास, आणि खट्, खट्. तेव्हापासून रोज. त्यांचा वॉकीटॉकी मिळाला नाही हे तुला माहीत आहे. ते सापडले त्या वॉशमध्ये, म्हणजे ओहोळाच्या त्या कोरड्या पात्रात, वेसने दोनदा शोधलं. इथले रानउंदीर वस्तू पळवतात, तसा नेला असेल असं तो म्हणतो. एवढा जड वॉकीटॉकी उंदीर कुठे नेणार, ते तो सांगत नाही. आणि त्याची बॅटरी दोन दिवसांच्या वर चालत नाही. ते गेल्याला आज सदतीस दिवस झाले.

मी इंजिनियरची बायको आहे, इतक्या सहजी विश्वास ठेवणार नाही. मला वाटलं यांच्यातलंच कुणीतरी दयाळूपणाने करतंय. म्हणून एका रविवारी मी सगळ्यांना कांदेपोहे खायला बोलावलं आणि सांगितलं, आपापले वॉकीटॉकी घेऊन या. डार्लीनच्या घडीच्या टेबलावर ते ओळीने ठेवले. स्वच्छ ऊन होतं, वारा अजिबात नव्हता, लांबचे निवडुंगसुद्धा मोजता येत होते. सगळ्यांचे हात मांडीवर, हातात पोह्यांच्या बशा. वेसने आपल्या जागेवरून नुसत्या तोंडाने नावं घेतली. तुझ्या बाबांचं नाव आलं, आणि टेबलावरचे सगळे वॉकीटॉकी एकदम वाजले. दोनदा. कुणी पोह्यांना हात लावला नाही बराच वेळ. मग वेस म्हणाला की पलीकडच्या डोंगरामागे दुसरा एखादा तांडा याच चॅनलवर असेल. असेलही. पण त्या तांड्याला फक्त प्रल्हाद हेच नाव कसं कळतं, हे मी त्याला विचारलं नाही. खटखट झाल्यावर विचारायचा तो प्रश्नही वेस मला विचारत नाही. वहीत मान घालून पुढचं नाव घेतो.

म्हणून मी निघत नाही. दिवसभर मी भांडी घासते, सोलरच्या काचा पुसते, डार्लीनशी पत्ते खेळते, पण मी जगते ती आठ वाजताच्या त्या एका मिनिटासाठी. साडेसातलाच दोन कप चहा ठेवते. ईडन प्रेरीत हे ऐकू येणार नाही. सुरुवातीला मला वाटायचं, ते सांगताहेत की मी मजेत आहे. तसं वाटत होतं तोवर मी सुखात होते. आता तसं वाटत नाही. ती खटखट रोज जरा हळू होत चालली आहे आणि दोन आवाजांमधलं अंतर वाढत चाललं आहे. मला ती नीट ओळखू येते आहे, कारण मी ती तशीच एकदा आधी ऐकली आहे.

ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचं भांडण झालं होतं. विषय तुझाच होता, म्हणजे तुझ्या घराचा. मलाच तुझ्याकडे यायचं होतं. अंतरा मोठी होतेय, माझे गुडघे गेले, आता पुरे हे भटकणं, असं मी म्हणत होते, आणि ते म्हणत होते, यार सुचित्रा, अजून एक सीझन. मी फार लागेल असं बोलले. मी म्हटलं की तुम्हाला नातीपेक्षा दगडधोंडे प्यारे आहेत. ते पाठ करून झोपले. मी तुला सांगितलं, शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या माणसालाही सांगितलं, की ते सकाळी नऊनंतर, चहा पिऊन फिरायला गेले, चुकून पडले आणि क्षणात गेले, त्रास झाला नाही. तू फोनवर रडत म्हणालीस की एवढंच एक बरं झालं. तुझ्या त्या वाक्यानंतर मी तुला खरं सांगितलंच नाही.

स्वानंदी, ते साडेसहालाच घरातून निघून गेले. चहा न घेता. दार लागल्याचं मी ऐकलं आणि मुद्दाम डोळे उघडले नाहीत. आठला वेसने माझं नाव घेतलं तेव्हा त्यांचे बूट दाराशी नव्हते, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, आम्ही दोघं आहोत, दोघं मजेत. कारण नवरा रुसून निघून गेलाय हे मला चारचौघांत सांगायचं नव्हतं. मग खट् वाजलं, आणि बऱ्याच वेळाने दुसरं खट्. मला वाटलं, बघा, राग नाकावर आहे पण हजेरी देताहेत. वेसने नियमाप्रमाणे विचारलं, तो तुला समोर दिसतोय का? आणि मी हो म्हटलं. वेस काठी घ्यायला उठला नाही. साडेदहाला मीच शोधा म्हणून सांगितलं. ते आमच्या गाडीपासून दहा मिनिटांच्या वाटेवर पालथे पडलेले होते, खुबा मोडला होता. डॉक्टरांनी मला एकटीला फोनवर सांगितलं की पडल्यावर निदान दोन तास जीव असावा. बोलायला श्वास पुरत नसेल, बोट हलत असेल. ते मजेत असल्याचं सांगत नव्हते. मी त्यांच्या वतीने तेही सांगून टाकलं होतं.

हे पंधराला मी सगळ्यांसमोर बोलणार आहे, पण त्याआधी ते तुला माझ्याकडून कळायला हवं, म्हणून हे पत्र. डार्लीन आज गावात पोस्टात जातेय. तू रागाने आलीस तरी ये, माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. त्यानंतर तू नेशील तिथे येईन, नेणार असशील तर. फक्त पंधराला सकाळी आठला माझ्या शेजारच्या खुर्चीत बस. मी वेसला सांगून ठेवलं आहे की त्यांचं नाव घे, थांब, आणि जे ऐकू येईल ते येऊ दे. मी मध्ये बोलणार नाही. मग वेसने मला तो प्रश्न विचारायचा, जसा त्या दिवशी विचारला होता तसाच. मी या वेळी सांगेन की नाही, मला ते दिसत नाहीत, कुणीतरी लवकर जाऊन बघा.

तुझीच,
आई