कोसमपारच्या डोहाची वाट

६ मे

परवा पहाटे कोसमपारच्या डोहात कोणीतरी ब्लीचिंग पावडर ओतली. मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. सकाळी रिनाचा फोन आला — तिचं आजोळ त्याच गावचं. ओतणाऱ्यांना वाट कुठून कळली? आमच्या आभाराच्या पानावरून! आणि ते पान मुलांकडून मीच लिहून घेतलं. हे कोणाजवळ बोलवत नाही, म्हणून लिहिते.

सगळं क्रमानं लिहावं. कॉलेजची तीन मुलं — रिना, धम्मदीप, निकेश — हिवाळाभर त्या डोहातल्या माशांच्या जाती नोंदवत होती. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मार्गदर्शन माझ्याकडे. एकोणतीस जाती सापडल्या. होळीपासून पहिल्या पुरापर्यंत गाव त्या डोहात जाळं टाकत नाही. नदी आटली की मासे तिथेच जगतात आणि पावसाळ्यात पुन्हा नदीभर होतात. त्यावर गावानं नेमलेले राखणदार नथ्थूभाऊ. ग्रामसभेच्या परवानगीनं त्यांनी मुलांना वाट दाखवली. त्यांच्या पत्नी अंजनाबाईंनी चार महिने जेवू घातलं.

मार्चमध्ये नागपूरच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. अहवालाचं शेवटचं पान आभाराचं. धम्मदीपनं एवढंच लिहिलं होतं — 'सहकार्य करणाऱ्या गावकऱ्यांचे आभार.' मी लाल पेनानं खोडलं. मोघम आभार म्हणजे ढोंग! नाव, गाव, जागा लिही म्हटलं. तो चाचरला. "बाई, डोहाची जागा नाही लिहिली तर?" मी म्हणाले, "ज्याचं खाल्लं त्याचं नाव घ्यायची लाज वाटते का रे?"

पोरानं लिहिलं — 'कोसमपारचे श्री. नथ्थू यांनी नाल्यापलीकडची डोहाची वाट दाखवली.' बक्षीस मिळाल्यावर पेपरवाल्यांनी ते पान जसंच्या तसं छापलं. मी अंकाच्या पाच प्रती घेतल्या.

७ मे

धम्मदीप येऊन गेला. पाणी प्यायला, बसला, उठला. 'मी म्हटलं होतं' असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

९ मे

भाड्याची जीप करून रिनाबरोबर कोसमपारला गेले. नाला ओलांडायच्या आधीच वास आला. डोहाचं पाणी स्वच्छ दिसत होतं, तळ दिसेल इतकं. त्यात काहीही हलत नव्हतं.

त्या पहाटे सगळं गाव तेंदूपत्ता तोडायला गेलं होतं, नथ्थूभाऊसुद्धा. परकी माणसं दोन गाड्या घेऊन आली, मेलेले मासे भरून गेली. वाटेवरच्या चहावाल्याला आपणहून सांगितलं, पेपरात वाचलं म्हणून!

अंजनाबाईंनी पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत.

"पेपरात नाव आलं तं गाव म्हणते, नथ्थूनं नावासाठी डोह इकला. राखण काढून घेतली त्याइची. वीस वर्षांची राखण! आमाले कोणी हाक मारून नाई राह्यलं, बाई. तुमचे आभार लय महाग पडले."

नथ्थूभाऊ आत दोरी वळत होते. मी म्हटलं, चूक माझी आहे. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमची कायची जी? वाट मी दाखवली. राखणदारानं वाट नाई दाखवाव."

दंड नाही, मारहाण नाही. फक्त राखणदाराची काठी दारामागून गेलेली. माणूस एवढासा झाला आहे.

१२ मे

प्राचार्यांचा फोन. "म्याडम, तुम्ही कशाला अंगावर घेता? आपण आभारच मानले ना!" दिवसभर हे वाक्य मला बरं वाटत राहिलं. म्हणूनच ते खोटं आहे.

१८ मे

ग्रामसभा. चिंचेखाली शंभरेक माणसं. नथ्थूभाऊ कडेला, पाठमोरे, दोरी वळत. मी उभी राहून सांगितलं — ती ओळ नथ्थूभाऊंनी सांगितलेली नाही, मुलांनीही आपल्या मनानं लिहिलेली नाही. एकानं नको म्हटलं होतं. मी लिहायला लावली.

गिरजाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांनी विचारलं, "परवानगी देली तवा आमी काय बोललो होतो?"

"जे सापडेल ते आधी गावाला सांगायचं."

"मंग?"

"आधी नागपूरला सांगितलं."

"शिकलेल्या बाईले 'आधी' अन् 'मंग' समजत नाई का?"

काही जण हसले. चाळीस वर्षं वर्गात उभी राहिले, असं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, समजायला हवं होतं.

"डोह आमचा, तं त्याचं लिवलेलंबी आमचं," त्या म्हणाल्या. "सारं आणून द्या. मंग नथ्थूचं पाहू."

नथ्थूभाऊ आताही पाठमोरेच होते. पण दोरी वळणारे हात थांबले होते.

२० मे

मुलांना बोलावलं. नोंदींच्या चार वह्या दिल्या तर पुढच्या फेरीला, पुण्याला, जाता येणार नाही. दुसरी प्रत ठेवायची नाही, हेही सांगितलं.

निकेश भडकला. "थंडीत कमरेइतक्या पाण्यात उभे राह्यलो, बाई! आमी काय विष टाकलं?"

खरं आहे. त्यानं काहीच केलेलं नाही. एरवी मी हुकूम सोडला असता. या वेळी म्हटलं, तुमची मेहनत आहे, तुम्ही ठरवा. आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. हे मला फार जड गेलं.

रिनाचा आवाज ऐकू आला — "मले सुट्टीत तिथीच जायचं आहे, निकेश. मामाच्या घरी."

२४ मे

सकाळी दारात पिशवी. चारही वह्या. निकेशची सगळ्यात वर.

३० मे

प्राचार्यांना लिहून दिलं — संघ पुण्याला जाणार नाही. कारण एका ओळीत. अहवालाच्या कॉलेजातल्या प्रती परत आणल्या. पेपर काही परत आणता येत नाही!

३ जून

मुलं आणि मी नाल्यापर्यंत पोचलो. पलीकडे नथ्थूभाऊ उभे, हातात काठी — सारं येतंय कळल्यावर गावानं परत दिलेली. मी पाण्यात पाय घालणार तोच काठी आडवी झाली.

"इथूनच द्या, बाई. पुढं नाई."

"मलाही नाही?"

"कोणालेच नाई जी."

नाल्यावर सुपूर्द केलं: वह्या चार. नकाशा एक. फोटोंचं कार्ड एक. अहवालाच्या प्रती नऊ. माशांच्या बरण्या एकोणतीस. देणार — मी. घेणार — नथ्थू, राखणदार.