गोधडीखालचा गॅस

रविवार, दिवेलागणीची वेळ

पाहुणे आत्ताच घाट उतरून गेले. माहे डोळे अजून चुरचुरून राहिले.

चिखलदरा पाहायले येणाऱ्या लोकांसाठी आमच्या यायनं घरातली एक खोली भाड्यानं द्यायले काढली, ते बरंच केलं. या पहाडावर दुसरं करणार तरी काय? पण यायचं म्हणणं, "पाहुण्यायले खेडं पायजे. सैपाक चुलीवरच कर." मग मीच गॅसवर गोधडी टाकली. सात वर्षं धूर खाल्ला, तेव्हा कुठं घरात आलेला गॅस!

अकोल्याच्या बाई हौसेनं फोटोसाठी चुलीपाशी बसल्या. दोन भाकरीतच खोकून खोकून लाल झाल्या. म्हणाल्या, "ताई, घरात गॅस नाही का हो?"

मी यायच्याकडे पाहिलं. हे लगेच बोलले, "इथं कुठचा गॅस, मॅडम!"

बाईंनी माहा हात धरला. "कसा सोसता हो तुम्ही हा धूर?"

गोधडी माह्या पाठीमागंच होती. खोटं हे बोलले, पण त्यावर 'हो' म्हणून मान मी हलवली. काहून हलवली?

आता गोधडी काढायले गेली, तर हे म्हणाले, "राहू दे. येत्या शनिवारी दुसरे पाहुणे येऊन राहिले."