आठवे उत्तर

गिरगाव, ता. ४ नोव्हेंबर १८९४

चि. सौ. दमयंतीस हरेश्वरदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुडघा अजून भोपळ्याएवढा आहे, जिना उतरवत नाही, म्हणून लालबागला येणे होत नाही. तरी तुझे यजमान जयवंतराव दर रविवारी शिकवणीला येतात, त्यामुळे तुझी खबर मिळते. मिशा पिकू लागलेले गिरणीतले पाच साचेवाले विणकर मांडी घालून ‘गुड मॉर्निंग, सर’ घोकू लागले की खालचा वाणी तराजू धरून ऐकत बसतो.

माझी पद्धत सोपी आहे. गिरणीचा साहेब टाइमकीपरच्या, म्हणजे हजेरी मांडायच्या जागेसाठी दरवेळी तेच आठ प्रश्न विचारतो. माझा पहिला विद्यार्थी गणपत त्यात पास झाला. त्याची उत्तरे मी उतरवून घेतली आणि तेव्हापासून सगळ्यांकडून तीच पाठ करून घेतो. वय गणपतचे, गाव गणपतचे! त्याच्यामागून सात जण लागले. साहेबाला पत्ता लागत नाही, कारण साहेब माणूस बघत नाही, इंग्रजी बघतो.

आठव्या उत्तराशी मात्र जयवंतराव अडखळतात. गणपत विधुर होता ना! ‘माय वाइफ इज डेड, सर. थ्री इयर्स.’ बायको नसलेला माणूस रजा टाकून गावी पळत नाही, म्हणून साहेब तिथेच खूश होतो. मी म्हटले, अहो, सोंगच ते! तू रागावू नकोस, आणि रागावलीसच तर लोभ बाजूला काढून ठेवून मग रागाव.

तुझा, हरेश्वरदादा

लालबाग, ता. १२ नोव्हेंबर

ती. दादांचे चरणी दमयंतीचे कृतानेक नमस्कार. वि. वि.

आठव्या उत्तराचा अर्थ ह्यांनीच मला सांगितला. मी म्हटले, मारलेत ते मारलेत, वर्षश्राद्धाला लाडू तरी करा. खूप हसले आणि मग खोकत बसले. साच्यावरच्या कापसाने छाती भरून गेली आहे. ही जागा मिळायलाच हवी, हे मलाही कळते.

पण दादा, तुमचे सात जण लागले, त्यांच्या बायका कुठे आहेत? शनिवारी मी करी रोडला शांताकडे गेले. तिचे यजमान आनंदाभावजी तुमच्याच शिकवणीतून गेल्या साली लागले. दारात मुले म्हणाली, आई नाही, ती कधीच वारली. शांता त्यांच्या मागेच बसून तांदूळ निवडत होती. मला म्हणाली, ये गो, तू तरी बस. तेवढ्यात भावजी आले आणि ती तिथे नसल्यासारखे थेट तिच्या अंगावरून चालत निघाले. तिने सूप बाजूला ओढून वाट दिली, रोजचेच असल्यासारखी.

आज सकाळी ह्यांनी आठवे उत्तर न अडखळता म्हटले. मग मी पेजेची वाटी पुढे केली, तर ती त्यांना चटकन दिसेना. गुरुवारी साहेबापुढे उभे राहायचे आहे. तेवढे एक उत्तर बदला. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपली, दमयंती

गिरगाव, ता. १४ नोव्हेंबर

चि. सौ. दमयंतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

शांता नवऱ्याशी भांडली असेल, असे लिहून तुझी टर उडवणार होतो. आधी खात्री करावी म्हणून आनंदाला बोलावून घेतले आणि शांता कशी आहे, असे विचारले. मी मराठीत विचारले. उत्तर इंग्रजीत आले, आठवेच, माझ्याच उच्चारांत.

दमे, मी घाबरलो आहे.

जयवंतरावांना आज गिरणी सुटताच बोलावून घेतले. ‘माय वाइफ इज लिव्हिंग, सर’ असे अकरा वेळा म्हणवून घेतले. जागा गेली तर दुसरी बघू. ते आत्ताच लालबागकडे निघाले आहेत. तू त्यांच्यासमोरून हलू नकोस. बोलत राहा, भांड, भांडी आपट. आशीर्वाद नेहमीचेच, या वेळी जरा घाईने.

तुझा, दादा

लालबाग, ता. १६ नोव्हेंबर

राजमान्य राजेश्री हरेश्वर मास्तर यांसी जयवंताचा नमस्कार. वि. वि.

आपल्या कृपेने जागा मिळाली. सोमवारपासून खुर्चीवर बसायचे. बुधवारी आपण आठवे उत्तर निराळे पाठ करून घेतलेत, त्याचे कारण उमगले नाही. साहेबापुढे खोटे बोलवेना. खरे तेच सांगितले.

एकट्या माणसाचे हाल होतात म्हणतात, पण माझे शेजारी भले असावेत. घरी यावे तो चूल पेटलेली असते, भात ऊन असतो. कोण करून जाते, कळत नाही. काल मात्र कोणीतरी सगळी भांडी जमिनीवर आपटून ठेवली होती. मांजर असेल.

एक तसदी देतो. आपल्या अक्षरातले एक पत्र कोणा सौ. दमयंतीच्या नावाने माझ्या पत्त्यावर आले आहे. ह्या नावाची बाई इथे राहत नाही. ते न फोडता सोबत परत पाठवीत आहे. पाकिटात घालताना दोनदा हातातून ओढल्यासारखे झाले. वारा असावा.

गरिबावर मर्जी राहू द्यावी.

आपला आज्ञाधारक,
जयवंत