आतून पुसलेली काच

३ डिसेंबर, मंगळवार

पोचले एकदाची! नवी वही आहे, तर नाव-गाव लिहून घेते. प्रांजली, वय एकतीस, मुक्काम चेंबूर, धंदा प्लास्टिकची विमानं, रणगाडे आणि अंतराळयानं रंगवण्याचा. हा धंदा असतो यावर आमच्या बिल्डिंगीत अजून कुणाचा विश्वास नाही.

गेटवेहून मांडव्याची लाँच, मग अलिबागपर्यंत बस, तिथून रेवदंड्याला रिक्षा, आणि सगळा वेळ मांडीवर एअरब्रशचा कंप्रेसर. रिक्षातल्या मावशींनी दोनदा विचारलं, हा मिक्सर कोणत्या कंपनीचा. दुसऱ्यांदा मी सांगून टाकलं की चटणी फार बारीक होते.

सम्यक, माझा धाकटा भाऊ, गेटवेला सोडायला आला होता. बावीस तारखेला त्याचं लग्न आहे. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच, म्हणजे मुलाकडची सगळी मंडळी मीच. वीसपर्यंत आली नाहीस तर भक्तीला घेऊन तिथेच लग्न लावीन, अशी धमकी देऊन गेला.

घर गावाबाहेर, सुरूच्या झाडांपलीकडे आहे. ज्यांनी एक मॉडेल पुरं करायला मला बोलावलं ते मोरूकाका आयुष्यभर न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे, आता इथे राहतात. सोनूबाई त्यांची बायको. आल्या आल्या तिने पाणी दिलं आणि माझे हात हातात घेऊन उलटसुलट पाहिले, मग विचारलं, बारीक काम याच हातांनी करतंस ना गो. मी हो म्हटलं तर तिचे डोळे भरून आले. जेवायला जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी. मी इथे सुखात राहणार.

४ डिसेंबर, बुधवार

काम पाहिलं. दीड वीत लांबीचं अंतराळयान, पाठीवर मालाचे कप्पे, पुढे काचेच्या झाकणाखाली तीन खुर्च्यांची केबिन. काका-काकूंचा मुलगा जीवन हे करत होता. दोन वर्षांपूर्वी तो गेला. समुद्रात, असं पोलिसांनी लिहिलं. मिळाला मात्र नाही. चोवीस वर्षांचा होता.

पोराचा हात चांगला होता. मधल्या खुर्चीत त्याने तांदळाच्या दाण्याएवढा माणूस बसवलाय, लाल टी-शर्ट, निळी चड्डी. पण शेवटी घात केला. काचेचं झाकण सुपरग्लूने चिकटवलं. नवशिके हमखास हेच करतात. त्या ग्लूची वाफ आत कोंडते आणि काच आतून पांढरी होऊन बसते. मग बाहेरून कितीही पुसा. आतला लाल ठिपका जेमतेम दिसतो.

काकांचं म्हणणं, झाकण सोडव, काच स्वच्छ कर, यान पुरं कर. आणि तुझी ती सही कर. माझी सही त्यांना ठाऊक आहे याचं मला भारी कौतुक वाटलं. मी कुठल्याही मॉडेलवर नाव लिहीत नाही. आतला एक माणूस माझ्यासारखा रंगवते: मोहरी रंगाचा कुर्ता, डाव्या मनगटावर पांढरा पट्टा, मांडीवर वही आणि पेन. माझ्या व्हिडिओंमध्ये मीच तर सांगते की आत आपला एक माणूस बसला की यान आपलं होतं.

७ डिसेंबर, शनिवार

काल सहा डिसेंबर. दरवर्षी मी आणि सम्यक दादरला पाणीवाटपाला उभे असतो. या वेळी तो एकटाच होता. मी इथे मेणबत्ती लावली आणि घरची फार आठवण आली.

म्हणून आज आधी माणसंच रंगवली. किटमध्ये तीन कोरे उरले होते. एक मी. एक सम्यक, त्याच्या त्या निळ्या शर्टात, जो भक्ती फेकून देणार आहे. एक भक्ती, लाल साडीत. सम्यक केव्हापासून मागे लागलाय, आम्हा दोघांना यानात बसव. त्याला सांगितलं नाही. लग्नाची भेट म्हणून दुसरं यान करीन आणि त्यात बसवीन. तिघं आता टूथपिकच्या टोकांवर वाळताहेत. भक्तीच्या साडीला काठ काढला! भिंगाखाली, एका केसाच्या ब्रशने. माझं मलाच कौतुक.

९ डिसेंबर, सोमवार

यानाच्या अंगावर झीज रंगवली. सांध्यांतून पातळ काळा रंग सोडला, कडांना गंज. छान जुनं दिसायला लागलंय.

दुपारी भिंगातून झाकण पाहत होते. पांढऱ्या काचेवर एक स्वच्छ गोल दिसला, मोहरीएवढा. परवा नव्हता. वाफेचा थर असा आपोआप जात नाही. कडा बघितल्या तर रेघारेघांच्या होत्या, बसची काच बोटाने पुसावी तशा.

आणि गोल आतल्या बाजूने होता.

रंगांच्या वासाने डोकं फिरलं असेल. खिडकी उघडून बसले.

१० डिसेंबर, मंगळवार

गोल मोठा झालाय. आता त्यातून आतली खुर्ची दिसते. लाल माणूस खुर्चीत आहे, पण त्याचं तोंड समोर होतं ते आता वर आहे, माझ्याकडे.

मी काकूंना हाक मारली. मला वाटलं हसतील. त्यांनी भिंगातून बघितलं आणि पदर तोंडात धरून तिथेच खाली बसल्या. मग जे सांगितलं ते असं: जीवन समुद्रावर गेलाच नव्हता. तो या खोलीत होता. कडी आतून होती. दार फोडलं तेव्हा चपला पलंगाखाली, चहा अर्धा, आणि टेबलावर यान. पोलिसांना काय सांगणार, म्हणून समुद्र सांगितला. तवापासून तो पुसतोय, काच परत पांढरी व्हतेय, त्या म्हणाल्या, म्या रोज बगतंय, आन् तो कवाकवा थकतोय.

मला रडू आलं. भीतीही वाटली, पण रडू जास्त. दोन वर्षं एक आई भिंग घेऊन काचेशी बसते आहे. उद्या झाकण सोडवते.

११ डिसेंबर, बुधवार

सोडवलं. पातळ पातं, कोमट पाणी, तीन तास लागले. झाकण निघालं तेव्हा कोंदट वास आला, बंद खोलीत माणूस पुष्कळ दिवस झोपून असला की येतो तो. ग्लूचा नव्हे. आतल्या भिंतीवर नखाएवढ्यासुद्धा नाहीत अशा बारीक उभ्या रेघा होत्या, ओळीने. मोजायला गेले नाही.

लाल माणूस खुर्चीला चिकटला होता. चिमट्याने अलगद सोडवला. काकूंनी तळहात पुढे केला, मी ठेवला. त्यांनी मूठ मिटली आणि आत निघून गेल्या. काका माझ्या टेबलाजवळ उभे राहिले. टूथपिकवरची माझी तीन माणसं त्यांनी एकेक करून बघितली. मोहरी कुर्त्यापाशी जास्त वेळ थांबले.

१२ डिसेंबर, गुरुवार

सकाळी मागच्या पडवीत एक मुलगा जेवत होता, पाठमोरा. लाल टी-शर्ट. हाडं दिसत होती. दोन्ही हातांनी भात तोंडात कोंबत होता आणि काकू वाढत होत्या, वाढतच होत्या. मला बघून त्यांनी दार ओढून घेतलं.

काका म्हणाले, भाचा आलाय साळावहून. मी बरं म्हटलं. माझ्या आवाजाचं मलाच हसू आलं, इतका तो बारीक निघाला.

तो आलाय. मी त्याला बाहेर काढलं. मला आनंद व्हायला हवा. होतोही आहे. पण मघाशी खिडकीतून तो माझ्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात आभार नव्हते. कीव होती.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आज तो स्वतःच आला, काकू आंघोळीला गेल्यावर. बोलायची सवय गेलीय त्याची. तुटक सांगितलं. त्याने यान माझे व्हिडिओ बघून केलं होतं. आत आपला माणूस बसव, हे माझं. झाकण लवकर बसायला हवं असेल तर सुपरग्लूचा एक थेंब चालतो, हेही माझंच. त्याने मला मेसेज करून विचारलं होतं. मी फोनवर शोधलं. आहे. दोन वर्षांपूर्वीचं माझं उत्तर, खाली हसरा चेहरा. एक थेंब चालतो.

मी विसरले होते. किती जणांना काय काय सांगते मी.

पुढे तो म्हणाला, ती खुर्ची रिकामी राहत न्हाय, ताई. ती ओढते. सुटल्यापासून दोन्ही रात्री त्याला ओढते, म्हणून आई-बापाने कुणाला तरी बसवायचं ठरवलं. आणि कुणाला ते त्यांनी आधीच ठरवलं होतं. जिने शिकवलं तिला.

पळ, म्हणाला. पण तुझा माणूस घेऊन पळ. तो इथं राहिला तर तू कुठं बी गेलीस तरी न्हाय सुटणार.

१४ डिसेंबर, शनिवार

माझा माणूस टूथपिकवर नाही. निळा आहे, लाल साडी आहे. मोहरी नाही.

टेबल, गादी, डबे, केरसुणी, सगळं झाडलं. काका दारात उभे राहून बघत होते. मी त्यांच्यावर ओरडले, हात जोडले, पाया पडले. बावीसला माझ्या भावाचं लग्न आहे म्हटलं. ते म्हणाले, माज्या पोराचं बी झालं असतं.

दुपारी शोध सोडून रिक्षा केली. चौलच्या पुढे जाईना. म्हणजे रिक्षा जात होती, मला श्वास येईना. चालकाने घाबरून परत आणलं.

सम्यक आणि भक्तीला रंगाच्या रिकाम्या बाटलीत घातलंय. झाकण घट्ट. पेटीच्या तळाला, चिंध्यांखाली. ते सापडता कामा नयेत. सम्यकला फोनही केला नाही, तो धावत इथेच येईल. मी गेले तर गेले. बाकी दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि त्याही —

१५ डिसेंबर

फोन काढून घेतला. जीवन दिसत नाही. काकू जेवण आणून ठेवतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. आज पाठीत ताठरपणा आहे. खुर्चीवरून उठताना कुर्ता खुर्चीला —

चिकटतो.

१६

ग्लूचा वास. काका पलीकडच्या खोलीत. मी ओरडते आहे, सम्यक, मला —

खिडकीची काच पांढरी होतेय. आतून. भर दुपारी

तारीख माहीत नाही

वही मांडीवर आहे. ती मीच रंगवली होती म्हणून आहे. पेनही. फोन रंगवला नव्हता.

मी यानात आहे. लिहून ठेवते, म्हणजे खरं वाटेल. मधली खुर्ची. पाठ सुटत नाही, हात सुटतात. वर काच, पांढरी. भिंतीवर जीवनच्या रेघा, इथून त्या हातभर उंच दिसतात. सहाशेच्या पुढे मोजणं सोडलं.

हात वर पुरतो. पुसते आहे. थर नखाने निघतो, थोडा थोडा.

नंतर

गोल झाला. टेबल दिसतं. भिंग दिसतं. कधी कधी काकूचा डोळा येतो, सगळा गोल भरून. ती रडते. मग निघून जाते.

नंतर

आवाज! फार लांबून, फार जाड, पण ओळखला. सम्यक आला. सम्यक आला! काकू सांगतेय, ती तर चार दिवस झाले गेली, लाँचला. तो म्हणतो फोन लागत नाही, ती असं करणार नाही. भांड, भावा. भांड —

काका त्याला माझी पेटी देताहेत. कंप्रेसर. सामान राहिलंय म्हणे.

सम्यक टेबलाशी बसलाय. गोलातून त्याचा निळा खिसा दिसतो. तोच शर्ट. पेटी उपसतोय, चिठ्ठी शोधतोय. मी काच वाजवते. वाजवते. बोटं —

त्याने मला बघितलं! भिंग घेतलं. डोळा. माझ्या भावाचा डोळा. मी हात हलवला. तो थांबला. मग रडत हसला, म्हणाला, ही बघा, ताईची सही.

सही नाही. सम्यक, सही नाही मी —

आता बाटली त्याच्या हातात आहे. चिंध्या बाजूला. झाकण फिरवतोय. नको. नको रे. तळहातावर ओतलं. निळा शर्ट. लाल साडी. काठ बघून त्याने डोळे पुसले.

काका म्हणतात, तिचं काम अर्दं राहिलंय, तू पुरं कर. तिची तशी इच्छा व्हती. ग्लू पुढे केला.

वर उजेड. काकांनी झाकण उचललं, ते नुसतंच ठेवलेलं होतं. हवा! मी जोरात ओरडले. मला उपट, सम्यक, खुर्ची मोडली तरी चालेल, मला उपटून काढ. पण तो माझ्या कामाला कधी धक्का लावत नाही. लहानपणापासून नाही. फुंकरसुद्धा जपून घालतो —

चिमटा खाली येतोय. माझ्या उजवीकडच्या खुर्चीकडे. चिमट्यात निळा —

सम्यक, खाली बघ, मी