बसून पाहिलेली मोटारसायकल

आदरणीय साडूसाहेब यांस,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार (कंबर जितकी वाकते तितकाच, उरलेला उधार समजावा). इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तिकडे तुमचा गुडघा, ताईंचा खोकला आणि शेजाऱ्याशी भिंतीवरून चाललेलं तुमचं भांडण, ही तिन्ही दुखणी एव्हाना उतरली असतील अशी आशा करतो. भांडण उतरलं नसलं तरी ताईंच्या खोकल्याकडे लक्ष द्यावं.

पत्राचं कारण मोटारसायकल. या वयात याला हे कुठलं खूळ, असं तुम्ही म्हणाल. पण खूळ माझं नाही, आमच्या मालकांचं आहे. मी चष्म्याच्या काचा घासतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. आजवर कारखाना घरापासून हाकेच्या अंतरावर होता. दुपारी जेवायला घरी येऊन, वर घटकाभर पाठ टेकून परत जाता यायचं. मालकांनी तो उचलला आणि थेट गावाबाहेर, मिठाच्या गोदामांपलीकडे नेऊन ठेवला. पहिली बस तिथे पोचेपर्यंत निम्मी सकाळ संपलेली असते. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं, पण नेमके त्याच सुमारास आमचे जुने मुकादम निवृत्त झाले आणि मालकांनी जाहीर केलं, की महिनाभर रोज सकाळी सातच्या आत जो हजर राहील त्याच्या हाती शटरची किल्ली, आणि तोच नवा मुकादम. साडूसाहेब, दुसऱ्यांची नजर साफ करता करता माझी स्वतःची अधू झाली (हल्ली मीच घासलेली जाड भिंगं मी लावतो). ही जागा मला हवी होती, मनापासून हवी होती, तुमच्यापासून काय लपवायचं? दुसरा उमेदवार आमच्यातला मिशीवाला. कालपरवा आलेला माणूस, भिंग हातात धरतो ते चहाची बशी धरल्यासारखं. पण त्याच्याकडे मोटारसायकल आहे. कर्तबगारीला चाकं लागतात हे मला फार उशिरा कळलं.

तर गाडी घ्यायची आणि लहानशीच घ्यायची, एवढं ठरलं. मग मी चार लोकांना विचारलं आणि तिथेच फसलो. ऐकावे जनाचे, करावे मनाचे हे ठीक आहे, पण जन बोलायचे थांबतील तेव्हा मनाचा नंबर लागणार ना! औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, काळी घेऊ नका, उन्हात तापते. शेजारचे निवृत्त तारमास्तर म्हणाले, टाकीवर टिचकी मारून आवाज ऐका (त्यांना सगळं टिचक्यांतच कळतं). न्हाव्याने अर्धी दाढी झाल्यावर वस्तरा वर धरून विचारलं, "किती देते?" गाडीबद्दल आपली माणसं हा एकच प्रश्न विचारतात. आपल्या सासरेबुवांनीही आपल्या दोघांविषयी मध्यस्थाला हेच विचारलं असणार, आणि आपण दोघांनीही सांगितल्यापेक्षा कमीच दिलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर अजून दिसतं.

माझी अडचण मात्र निराळी होती. दिवसभर स्टुलावर बसून माझ्या कमरेचे जे हाल झालेत ते तुम्ही जाणताच. आमच्या घरचा नियम असा, की बसायची वस्तू पुरेसं बसून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही. (मागे सोफा घेताना दुकानदाराला मला हलवून जागं करावं लागलं होतं. तो सोफा अजून उत्तम आहे.) म्हणून शोरूममध्ये गेल्यावर मी ठरवलं, घरून कारखान्यात पोचायला जितका वेळ लागेल तितका वेळ एकेका गाडीवर बसायचं. स्टँडवर लावलेल्या गाडीवर, डोक्यात हेल्मेट, काच खाली, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. पहिलीवर मणका खूश होता पण हात अवघडले. दुसरीवर गुडघे कानाशी आले. तिसरीवर मी इतका स्थिर बसलो होतो, की एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने मला दुकानाचा पुतळा समजून हेल्मेटची काच वर केली आणि आत डोळे दिसल्यावर तो बिचारा मटकन खाली बसला. तिथली विक्री करणारी मुलगी दोन-तीनदा म्हणाली, "काका, जरा चालवून तरी बघा." मी तिला सांगितलं, रस्ता सगळ्या गाड्यांना एकच असतो, फरक असतो तो बैठकीत. हे तिला इतकं खोल वाटलं की ती माझा नाद सोडून तुमच्या मेहुणीकडे, म्हणजे आमच्या हिच्याकडे वळली. ही कंटाळलेलीच होती. दोघी एक गाडी घेऊन बाहेर गेल्या. जाताना ती मुलगी पुढे होती. परत आल्या तेव्हा ही पुढे होती आणि ती मुलगी मागे डोळे मिटून बसली होती. ही उतरली, केस सारखे केले आणि म्हणाली, "हीच घ्या." मी तत्त्व म्हणून त्या गाडीवरही पूर्ण वेळ बसलो. कंबर काही बोलली नाही. घेतली.

एक गोष्ट सांगायची राहिली. मला गाडी चालवता येत नव्हती. मग घेतली कशाला, असं विचारू नका. पोहता येत नाही म्हणून कोणी टॉवेल घ्यायचं थांबतं का?

पोहण्यावरून आठवलं. ही तलावावर भित्र्या माणसांना पोहायला शिकवते हे तुम्ही जाणता. तिने मलाही त्यांच्यातच धरलं. गळ्यात शिट्टी अडकवून ती मला रोज संध्याकाळी गिरणीमागच्या मैदानावर न्यायची. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, दोन आखूड म्हणजे पुढे या. पद्धत सोपी, विद्यार्थी आज्ञाधारक, आणि दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. तिसऱ्या दिवशी मैदानाच्या दुसऱ्या अंगाला गिरणी कामगारांचा फुटबॉलचा सामना सुरू झाला आणि त्यांच्या पंचाकडेही शिट्टी होती. कोणी कोणाला पाडलं की मी जागच्या जागी ब्रेक दाबायचो. पुढे पंचाने काही कारणाने दोन आखूड शिट्ट्या मारल्या आणि मी, शिकवल्याप्रमाणे, पुढे गेलो. ऐन रंगात आलेल्या सामन्यात मी उजवीकडून शिरलो, गोलरक्षक डावीकडे पळाला, आणि जाळीने मला व्यवस्थित अडवलं. गाडीला ओरखडासुद्धा आला नाही. त्यांनी तो गोल धरला की नाही, कोण जाणे. हिने मात्र शिट्टी गळ्यातून काढली आणि म्हणाली, "उद्यापासून मी सोडते तुम्हाला."

तेव्हापासून ही मला रोज सातच्या आत सोडते आणि मग तलावावर जाते. गेटच्या अलीकडच्या कोपऱ्यावर मी उतरतो (पुढे काचांचा चुरा असतो, टायर फुटेल, असं तिला सांगून ठेवलं आहे), आणि हेल्मेट काखेत मारून, कपाळावरचे केस थोडे विस्कटून गेटातून आत जातो. गाडी कुठे लावता, असं मिशीवाल्याने विचारलं. मागच्या झाडाखाली, सावलीत, म्हटलं. (मागे झाड आहे. सावलीही आहे.) महिना भरला आणि मालकांनी सगळ्यांसमोर शटरची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या दिवशी घरी आल्यावर मी ती किल्ली हिला दाखवली, तारमास्तरांना दाखवली आणि मग उगाचच खिशात हात घालून अंगणात फिरत राहिलो. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. (ताईंना हे वाचून दाखवू नये.)

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद. शेजाऱ्याला काहीच सांगू नये.

आपला,
धाकटा साडू (आणि मुकादम)

ता.क. एक क्षुल्लक काम होतं, सहज आठवलं म्हणून लिहितो. मालकांची मोटार दुरुस्तीला गेली आहे, आणि "शनिवारी सुटल्यावर मला तुमच्या गाडीवरून घरी सोडा," असं त्यांनी मला सांगितलं आहे. मी हो म्हटलं. तुम्ही उंचीला अगदी माझ्याएवढे आहात आणि गाडी झकास चालवता. माझ्या हेल्मेटची काच काळी आहे. शनिवारी दुपारी तुमची गाडी घेऊन येऊन, माझं हेल्मेट घालून, एक शब्द न बोलता मालकांना तेवढं पोचवलंत तर जन्मभर उपकार विसरणार नाही. पोटाचा थोडा फरक पडेल (राग मानू नये), पण मालकांच्या नजरेला सवय व्हावी म्हणून मी सोमवारपासूनच शर्टाच्या आत स्वेटर घालतो आहे. आमच्या भट्टीच्या खोलीत त्यात माझे काय हाल होतात ते भेटीत सांगेन.

ता.क. दोन. वरचं काम रद्द समजावं. हे पत्र हिच्याकडे टपालात टाकायला देणं शक्य नव्हतं (ती वाचते), म्हणून ते खिशातच राहिलं आणि शनिवार उजाडला. सुटायच्या वेळी मी मालकांना काय सांगावं याची जुळवाजुळव करत गेटाशी उभा होतो, तोच ही गाडी घेऊन कोपऱ्यावर न थांबता सरळ गेटापर्यंत आली. मालक आले, "नमस्कार ताई" म्हणाले, आणि जन्मभर तिथेच बसत आल्यासारखे तिच्या मागे बसले. दोघं निघून गेली. मी स्वेटर काढला आणि बसने घरी गेलो.

सोमवारी सकाळी शटर उघडताच मालकांनी बोलावलं. ते सहालाच येऊन बाहेरच्या जिन्याने वरच्या त्यांच्या खोलीत बसतात, आणि तिच्या खिडकीतून तो कोपरा समोरच दिसतो. पहिल्या दिवसापासून मला उतरताना, केस विस्कटताना ते रोज पाहत होते. शनिवारी हिला गेटापर्यंत बोलावणारेही तेच. त्यांनी तलावावर निरोप धाडला होता. मी खाली मान घालून किल्ली टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "मुकादम तुम्हीच. काच तुमच्याइतकी इथे कोणाला कळते? पण वेळेवर येतात त्या ताई. किल्ली त्यांच्याकडे असलेली बरी." आणि त्यांच्याच सांगण्यावरून बाहेर गाडीपाशी थांबलेल्या हिला बोलावून त्यांनी ती तिच्या हातात दिली.

आता ही रोज गेटापर्यंत येते, कुलूप काढते, एका झटक्यात शटर वर करते (मला दोन झटके लागायचे), आणि "जा" म्हणून निघून जाते. खरं सांगू, मला वाईट वाटलं नाही. येताना मी तिच्या खांद्यावर हात ठेवून बसतो आणि आम्ही वाटभर बोलतो. इतक्या वर्षांत इतकं बोललो नव्हतो. मुकादम मी आहे आणि किल्ली तिच्या जुडग्यात आहे, एवढीच काय ती परिस्थिती. साडूसाहेब, आपल्यात आडपडदा नाही. तुमच्या गाडीची किल्ली रात्री कोणाच्या उशाशी असते, ते मात्र मला खरंखरं कळवा.