पुढच्या सीटवर मिसेस हॅस्केल

प्रिय व्हर्ना,

मिसेस हॅस्केल वाचली. विचिटाच्या डॉक्टरांनी तिचं अपेंडिक्स काढलं आणि पूर ओसरल्यावर ती रेल्वेने घरी आली, हे तुला ठाऊकच आहे. पण तू तिला विमानात घेऊन उडालीस, त्यानंतर गावात काय झालं ते तुला कोण सांगणार?

तिचा नवरा क्लाइड माझ्या लोहाराच्या भट्टीवर बसून मला काय म्हणायचा ते तू ऐकलंयस. "ऑटो, पोरगी जत्रेत लोकांना आभाळात फिरवून आणते म्हणे. लग्नाचं बघ तिच्या." पूल वाहून गेला, तेव्हा त्याच क्लाइडने मला फोनवर सांगितलं, "व्हर्नाला बोलाव रे." त्याच्याच कुरणात उतरलीस तू. बायकोला पुढच्या सीटवर पट्ट्याने बांधून तोही चढायला लागला, तर तू म्हणालीस, "मिस्टर हॅस्केल, चिखल फार आहे. दोघांचं वजन उचलणार नाही. तुम्ही खालीच थांबा." तो मुकाट्याने मागे सरला. त्याला कुणाचं ऐकताना मी पहिल्यांदाच पाहिलं. इंजिन सुरू करायला विमानाचा पुढचा पंखा हाताने फिरवायचा होता, पण कुणी पुढे होईना, मग आपली धाकटी इंगाच गेली. चाकं कुंपणाच्या तारेवरून वीतभर उंचीने गेली म्हणतात. मी डोळे मिटून घेतले होते.

आता भट्टीवर दुसरा विषय नाही. तुझ्या विमानाच्या जुन्या मॉडेलला युद्धातून उरलेलं इंजिन, ते थंड ठेवायला पाणी लागायचं. तुझ्या विमानाला नवं गोल इंजिन, ते वाऱ्यावरच थंड होतं. शर्यतीच्या मॉडेलचे पंख आखूड. हे सगळं क्लाइड येणाऱ्याजाणाऱ्याला समजावतो, त्यातलं निम्मं चुकीचं. मी दुरुस्त करत नाही. शेवटी तो म्हणतो, "जुनं असतं तर त्या चिखलातून उठलंच नसतं. आणि आपल्या व्हर्नाशिवाय नवंही उठलं नसतं." 'आपल्या' म्हणतो बरं का. मी मान खाली घालून घण मारत राहतो, म्हणजे माझा चेहरा त्याला दिसत नाही.

पण लिहायला बसलो ते यासाठी नाही. इंगाने त्या दिवसापासून एकच धोशा लावलाय. तुझी आई घाबरते, मीही घाबरतो. दोनच तर मुली आहेत आम्हाला. तरी सोमवारच्या गाडीने तिला तुझ्याकडे पाठवतोय. तिला उडायला शिकव. धाकटी बहीण म्हणून सूट देऊ नकोस.

तुम्हा दोन्ही पोरींचा,
पपा