माकडांनी कापलेली तार

धम्मदीप,

गच्चीवरची माझ्या हॅम रेडिओच्या अँटेनाची तार माकडांनी तोडली, असं तू सकाळी म्हणालास. आपल्या सोसायटीतली माकडं पक्कड वापरतात हे मला नवीन होतं, म्हणून सेक्रेटरी भोसेकर काकांना विचारलं. त्यांनी मला अर्जच दाखवला. ‘अँटेनामुळे इमारतीला धोका आहे, परवानगी दिल्यास मी स्वतः काढतो.’ खाली तुझी सही.

तीन महिने मी ती तार बोटबोटभर कापून, पुन्हा ताणून, मीटर बघत जुळवली. काल पहिल्यांदा माझ्या हाकेला कोलंबोहून उत्तर आलं. मी ओरडतच खाली आले, तर तू टीव्हीचा आवाज वाढवलास. अर्ज पंधरा दिवसांपूर्वीचा आहे. तार मात्र तू उत्तर आल्यावर कापलीस.

रेडिओ घेऊन मी कात्रजला ताईकडे जाते आहे. तिची गच्ची मोकळी आहे आणि भावोजी खोटं बोलत नाहीत. आमटी फ्रिजमध्ये आहे, भात तुझा तू लाव.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. बोलायचंच असेल तर माझ्यासारखी हॅमची परीक्षा दे, लायसन्स काढ आणि रेडिओवरून हाक मार. उत्तर द्यायचं की नाही, ते तेव्हा बघेन.

प्रज्ञा